चालकाचे लायसन आणि अपघाताची भरपाई

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, बऱ्हाणपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत एका शाळामास्तराने मोटारीच्या लायसनवर बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटले असेल. विश्वस्तांनी आम्हांस 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय सुचविला होता. विषय चांगलाच आहे. परंतु त्यावर आपण सर्वांनी इतकी भाषणे ऐकली आहेत की आणखी एकाने शाळेतील पटावर एक नावही वाढणार नाही. उलट आमच्या वर्गातून जी मुले मध्येच नाहीशी झाली, त्यांतील काहींच्या घरी आम्ही गेलो, तेव्हा कारण अभ्यासाची नावड हे नव्हते. घरचा कर्ता पुरुष रस्त्यावर ट्रकखाली सापडला होता आणि भरपाईचा अर्ज कोणी केलाच नव्हता. का केला नाही असे विचारावे, तर उत्तर ठरलेले : "मास्टरसाहेब, ड्रायव्हरकडे लायसनच नव्हते. मग विमावाले कुठून देणार?"

हे उत्तर चूक आहे. ट्रस्टच्या वहीत ज्या बेवा आणि यतीम मुलांची नावे मासिक मदतीसाठी लिहिलेली आहेत, त्यांपैकी काही घरांना ह्या एका चुकीच्या समजुतीपायी आपल्या हक्काच्या रकमेवर पाणी सोडावे लागले आहे. आणि ट्रकमालकांना हीच समजूत उलट्या बाजूने नडते. ते म्हणतात, "विमा भरला आहे, आता चिंता कसली?" दोघांचेही कोठे चुकते ते आज पाहावयाचे आहे.

आधी एका शब्दाचा घोटाळा दूर करू. पुस्तकी मराठीत 'परवाना' हा शब्द दोन्हींसाठी वापरतात. माणसाला गाडी चालविण्याची मुभा मिळते तोही परवाना आणि गाडीला माल वाहण्याची मुभा मिळते तोही परवाना. ट्रकवाल्यांची भाषा येथे अधिक काटेकोर आहे. माणसाचे ते लायसन, गाडीचे ते परमिट. आम्हीही तसेच म्हणू.

आपले गाव रस्त्याच्या कडेला वसलेले नाही, ते रस्त्यामुळेच वसलेले आहे. असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणत, तेव्हापासून उत्तरेचा माल ह्याच वाटेने खाली उतरतो. बंजाऱ्यांच्या बैलांचे तांडे गेले, गाड्या गेल्या, आता इंदूर-इच्छापूर रस्त्यावर ट्रक आहेत. शहापूरकडची केळी, यंत्रमागांचे सूत आणि कापडाच्या गाठी, नेपानगरचा कागद, सगळे चाकांवरच. पलीकडे पाच-दहा कोसांत महाराष्ट्राची हद्द लागते. रावेर, मुक्ताईनगर, जळगाव येथे आपले सोयरे आहेत आणि गिऱ्हाइकेही आहेत. त्यामुळे गाडी एम.पी. 68 ची, अपघात जळगाव जिल्ह्यात आणि मयत तिसऱ्याच गावचा, हे आपल्याकडे नेहमीचेच आहे.

अशा अपघातात पूर्वी काय होई? 1855 च्या एका जुन्या कायद्याखाली दिवाणी कोर्टात दावा लावावा लागे. मागावयाची रक्कम जेवढी मोठी तेवढी कोर्ट फी मोठी. जिचा कमावता गेला तिने आधी पैसे भरावे, असा तो न्याय! इंग्लंडात 1930 च्या कायद्याने मोटारमालकास परक्याच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. त्याच धर्तीवर आपल्या 1939 च्या मोटार वाहन कायद्यात तरतूद आली, पण ती सक्ती प्रत्यक्ष अमलात आली 1 जुलै 1946 रोजी. दाव्यांसाठी वेगळी अधिकरणे नेमण्याची सोय 1956 च्या दुरुस्तीने झाली. आज जो कायदा चालतो तो 1988 चा. तो 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि 2019 साली त्यात मोठी दुरुस्ती झाली.

ही सक्ती मालकाच्या सोयीसाठी आणलेली नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सारे उलगडते. रस्त्याने चाललेल्या ज्या माणसाचा त्या गाडीशी काही संबंध नाही, त्याच्यासाठी ती आहे. गरीब मालकाकडून वसुली होत नाही, म्हणून पाठीशी विमा कंपनी उभी केली.

आता लायसन. विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्याची थोडीच कारणे कायद्याने ठेवली आहेत. चालकाकडे योग्य लायसन नसणे हे त्यांतले एक. कंपन्या दावा आला की प्रथम तेच उचलून धरतात. त्यांत त्यांचा दोष नाही. पैसे वाचविणे हा त्यांचा धंदा आहे. परंतु न्यायालये ह्या कारणाकडे कशी पाहतात, ते कळावे म्हणून 1987 चा एक निकाल सांगतो. तो गुजरातेतला खटला होता. ट्रकचा ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून, किल्ली तशीच सोडून, समोरच्या बाजूला खायला आणावयास उतरला. मागे क्लीनर होता; त्याच्याकडे लायसन नव्हते. त्याने गाडी हाकली आणि माणूस मेला. कंपनी म्हणाली, गाडी बिनलायसनी माणसाच्या हाती होती, आम्ही देणे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती म. प्र. ठक्कर यांनी प्रश्न असा मांडला की अट मोडली कोणी? मालकाने तर लायसनवाला ड्रायव्हर नेमला होता, क्लीनरच्या हाती गाडी द्या असे त्याने सांगितले नव्हते. तेव्हा मालकाने जाणूनबुजून अट मोडली नाही, आणि कंपनीने पैसे द्यावेत.

पुढे 5 जानेवारी 2004 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, सरन्यायाधीश वि. ना. खरे त्याचे अध्यक्ष होते, ह्या साऱ्या प्रश्नाचा एकत्र निकाल केला. त्याचे सार आम्ही आपल्या शब्दांत सांगतो. लायसन नव्हते, मुदत संपलेले होते किंवा नकली होते, एवढे दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने बेफिकिरी केली, हे कंपनीनेच सिद्ध करावे लागते. लायसनमधील उणीव आणि अपघात यांचा काही संबंध आहे की नाही, हेही पाहावे लागते. शिकाऊ लायसन हेदेखील लायसनच आहे. आणि मालकाची बेफिकिरी सिद्ध झाली तरीसुद्धा अधिकरण कंपनीला सांगू शकते की आधी मयताच्या घरच्यांचे पैसे द्या, मग ते मालकाकडून वसूल करून घ्या. वकील मंडळी ह्याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. 2019 च्या दुरुस्तीत ह्या कलमांचे क्रमांक आणि काही शब्द बदलले आहेत व त्यावर कोर्टांत वाद चालतात. प्रत्येक खटल्यात असाच हुकूम मिळेल, असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण लायसनचे नाव ऐकून अर्जच न करणे, हे मात्र कायद्याने कधीच सांगितले नव्हते.

आता ह्याच वाक्याचा उत्तरार्ध मालकांनी ऐकावा. "मग मालकाकडून वसूल करून घ्या." किती? आम्ही गणिताचे मास्तर आहोत, तेव्हा फळ्यावर मांडल्याप्रमाणे सांगतो. समजा, बत्तीस वर्षांचा यंत्रमाग कामगार, महिन्याची मजुरी 9,000 रुपये. घरी आई, बायको आणि तीन मुले. वर्षाचे उत्पन्न 1,08,000. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली आणि पुढे 31 ऑक्टोबर 2017 रोजी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे, चाळिशीच्या आतल्या अशा माणसाचे उत्पन्न पुढे वाढले असते म्हणून त्यात चाळीस टक्के मिळवावयाचे, झाले 1,51,200. तो स्वतःवर खर्च करी तो भाग वजा करावयाचा. पोसावयाची माणसे चार ते सहा असतील तर तो चौथा हिस्सा. राहिले 1,13,400. ह्या वयासाठी गुणक 16. गुणाकार करा : 18,14,400 रुपये. अंत्यसंस्काराचा खर्च, पत्नीच्या आणि कुटुंबाच्या वियोगाबद्दलच्या रकमा आणि व्याज त्यावर वेगळे.

महिना 9,000 कमावणाऱ्या मजुराच्या जिवाची ही रक्कम आहे. ज्या घराला ट्रस्ट महिन्याकाठी धान्य आणि थोडी रोख देतो, त्या घराचे हे देणे कोणीतरी लागत होते. आणि मालकाच्या बाजूने पाहा : कर्ज काढून जुना दहाचाकी घेतलेला, एका ट्रकचा मालक. कंपनी त्याच्याकडे अठरा लाखांच्या वसुलीला आली, तर शनवाऱ्यातील घर विकूनही भागावयाचे नाही. शिवाय त्याच्या स्वतःच्या ट्रकची मोडतोड झाली असेल, तर तिची भरपाईही लायसनच्या कारणावरून हातची जाऊ शकते. परक्याच्या बाबतीत कोर्ट जी ममता दाखविते ती मालकाच्या स्वतःच्या नुकसानीला लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सांगितले आहे.

म्हणून ड्रायव्हर ठेवताना काय पाहावे, ह्यावर थोडे थांबू; बहुतेक मालक नेमके येथेच घाई करतात.

ट्रकसारखे माल वाहणारे वाहन चालविण्यास वय वीस वर्षे पुरे लागते, अठरा नव्हे. आधी हलक्या वाहनाचे लायसन निदान एक वर्ष हाती असल्याखेरीज ट्रान्सपोर्टचे शिकाऊ लायसन मिळत नाही. कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात, एक खासगी गाडीची आणि एक ट्रान्सपोर्टची. खासगीची तारीख लांबची असते, तीच पाहून मालक निश्चिंत होतो. ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची आहे. 2019 पूर्वी ती तीनच वर्षांची होती. मुदत संपल्यावर तीस दिवस ते चालत असे, ती सवलतही 2019 च्या दुरुस्तीत काढली गेली. हे न कळलेले ड्रायव्हर आजही "एक महिना चालते" असे ठणकावून सांगतात.

आठवी उत्तीर्ण असण्याची अट 2019 पर्यंत होती. त्या काळात पंचविशीतले तरुण आठवीच्या दाखल्यासाठी शाळेच्या कचेरीत येत, आणि काही तर दाखला 'जमवून' देण्याची विनंतीही करीत. अट निघाली. शिक्षक म्हणून आम्हांस वाईट वाटावयास हवे होते, पण वाटले नाही. असीरगडचा घाट उतरताना गिअर कोणता ठेवावा, ते आठवीच्या पुस्तकात नाही.

सर्वांत मोठा गोंधळ हलक्या गाडीच्या लायसनवर माल वाहण्याचा. ड्रायव्हरकडे कारचे लायसन, म्हणजे ज्याला एल.एम.व्ही. म्हणतात ते, आणि चालवितो पिकअप किंवा छोटा हत्ती. कंपनी म्हणणार ट्रान्सपोर्टचा शेरा नाही. ह्यावर कोर्टांचे निकाल वर्षानुवर्षे इकडे-तिकडे होत राहिले. 2017 साली तीन न्यायमूर्तींनी चालकांच्या बाजूने निर्णय दिला, त्यावरही शंका काढल्या गेल्या, आणि अखेर 6 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने वाद मिटविला. निकालपत्र न्यायमूर्ती हृषीकेश रॉय यांनी लिहिले. ज्या वाहनाचे एकूण वजन 7,500 किलोच्या आत आहे, ते माल वाहणारे असले तरी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालविता येते. वेगळा शेरा लागत नाही. येथे एकूण वजन म्हणजे गाडी अधिक कायद्याने मान्य भार; ते आरसी बुकात लिहिलेले असते, काट्यावरच्या त्या दिवशीच्या चिठ्ठीत नव्हे. दहाचाकीला ह्या निकालाचा काही उपयोग नाही, आणि ज्वालाग्राही किंवा घातक माल नेणाऱ्या गाडीलाही नाही.

नकली लायसनची गोष्ट निराळी आहे. नकली कागदावर खऱ्या कचेरीने नूतनीकरणाचा शिक्का मारला तरी तो कागद खरा होत नाही, असे 2001 सालीच ठरले आहे. परंतु मालकाने लायसन पाहिले, ते वरकरणी ठीक दिसले, गाडी चालवून घेऊन हात पाहिला आणि मग नोकरीस ठेवले, तर त्याने आपले कर्तव्य केले. प्रत्येक वेळी आर.टी.ओ.च्या कचेरीत जाऊन खात्री करावी अशी अपेक्षा नाही, हे 2003 च्या निकालापासून चालत आले आहे. मात्र हे सर्व केले होते, याला पुरावा काय? लायसनची प्रत, त्यावर तारीख, ड्रायव्हरची सही, आणि दोन ओळींचे नेमणुकीचे पत्र. आमच्या ओळखीच्या ट्रकमालकांच्या पेटीत परमिट, फिटनेस, विमा, टॅक्सच्या पावत्या सगळे असते, पण ड्रायव्हरचा एकही कागद नसतो. आणि आता तर केंद्र सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर लायसनचा क्रमांक आणि जन्मतारीख टाकून घरबसल्या तपासता येते. नववीतला कोणताही मुलगा दोन मिनिटांत तपासून देईल. कोर्टाने अपेक्षा केली नाही म्हणून आपणही करू नये, असे थोडेच आहे?

एक अवघड प्रश्न राहतो, मालाच्या गाडीत बसलेल्या माणसांचा. फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला आणि वर बसलेले पंधरा-सोळा मजूर गेले. ते आभोडा, केऱ्हाळे, रावेर येथले, म्हणजे आपल्या अगदी शेजारचे. त्या दाव्यांचे काय झाले ह्यावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. कायदा तेवढा सांगतो. मालाच्या गाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या उतारूसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली ठरविले. 1994 च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा माणूस मात्र संरक्षणात आला. हमाल आणि क्लीनर हे मालकाचे नोकर असतील तर त्यांना कामगार म्हणून वेगळी वाट आहे. दोन्ही वाटांनी एकदम जाता येत नाही, एक निवडावी लागते. तेव्हा केळीच्या घडांवर बसून जे मजूर येतात ते कोणाचे नोकर होते, हे लिहिलेले नसेल, तर सगळा दावा त्या एका प्रश्नावर अडतो. उरुसाला किंवा लग्नाला ट्रकने माणसे नेण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. तेथे तर हा प्रश्नच उरत नाही, कंपनी सुटते आणि मालक एकटा उभा राहतो.

आता भगिनींसाठी थोडे अधिक सावकाश सांगतो, कारण कागदांची वेळ आली की पुरुष मंडळी दवाखान्यात आणि ठाण्यात गुंतलेली असतात. अपघात जळगाव जिल्ह्यात झाला तरी दावा तेथेच लावावा लागतो असे नाही; दावा लावणारा जेथे राहतो तेथील अधिकरणात तो लावता येतो, म्हणजे बऱ्हाणपूरच्या घराने बऱ्हाणपुरातच लावावा. मुदत सहा महिन्यांची आहे. ही मुदत 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा आली. तिच्याविरुद्ध न्यायालयांत दाद मागितली गेली आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. पोलिसांनी पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत अधिकरणाकडे पाठवावा असा नियम आहे; तो पाठविला का, हे ठाण्यात जाऊन विचारणे हा आपला हक्क आहे. फिर्यादीची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, मयताच्या वयाचा दाखला, मजुरीचा काहीही लेखी पुरावा, एवढे जपावे. कारखानदाराच्या वहीतील एका ओळीनेसुद्धा 9,000 चे 12,000 होऊ शकतात, आणि त्या 3,000 चे सोळापटीने काय होते ते आपण पाहिलेच.

चूक कोणाची हे सिद्ध करावे न लागता मृत्यूबद्दल पाच लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख, अशीही एक वाट 2019 च्या दुरुस्तीने ठेवली आहे. पैसे लवकर हाती पडतात. मात्र ते स्वीकारले की मोठा दावा संपतो. बत्तीस वर्षांच्या कमावत्या माणसाच्या घराने पाच लाखांवर सही करण्यापूर्वी कोणाला तरी विचारावे. तसेच मालकाचा माणूस मातीच्या दुसऱ्याच दिवशी पन्नास हजारांची थैली आणि कोरा कागद घेऊन येतो आणि सांगतो, "ड्रायव्हरकडे लायसन नव्हते, कोर्टात तुम्हांला काही मिळणार नाही, हे ठेवून घ्या." असे एक घर आम्ही पाहिले आहे. सही झाली होती. थोरला मुलगा त्यानंतर शाळेत आला नाही. आता तो मागावर आहे.

शेवटी ई-रिक्षांचे. गावात त्या फार झाल्या आहेत आणि आपल्यातील बरीच मुले त्या चालवितात. 2024 चा निकाल आला तेव्हा, "आता कारच्या लायसनवर सगळे चालते," अशी बातमी चौकाचौकात फिरली. त्या निकालाने ई-रिक्षा आणि ई-कार्ट स्पष्टपणे वगळल्या आहेत. त्यांचे लायसन वेगळे काढावे लागते, आणि ते येथल्याच परिवहन कचेरीत निघते. जिल्हा 2003 साली वेगळा होण्यापूर्वी खंडव्याला खेटे घालावे लागत, तसे आता नाही. ज्यांचे काढावयाचे राहिले असेल त्यांनी अर्ज भरण्यासाठी रविवारी सकाळी शाळेत यावे. आधार कार्ड आणि दोन फोटो आणावेत. अध्यक्ष महाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा आम्ही आपली रजा घेतो.